हळर्णचा चिरा आणि विज्ञानाचा तास

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातील हा किल्ला इ. स. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकून घेतला. त्या मोहिमेचा नायक गोव्याचा तत्कालीन व्हाइसरॉय, कास्तेलो नोव्होचा मार्क्विस, हा होता. या विजयाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला नवी पदवी बहाल केली आणि हळर्ण या नावाच्या पोर्तुगीज उच्चारावरून तो ‘अलोर्नाचा मार्क्विस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे इ. स. १७८८ मध्ये सारा पेडणे महालच पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेला आणि ‘नव्या काबिजादी’त गणला गेला.

इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्यांना ही हकीकत सांगितली जाते. किल्ला कोणी बांधला, कोणी घेतला, कोणाला कोणती पदवी मिळाली, हे सारे सांगून होते. पण ज्या तांबड्या, सच्छिद्र दगडाचा हा तट उभा आहे, त्या दगडाबद्दल अवाक्षरही निघत नाही. तो विषय विज्ञानाचा! दुसऱ्या तासाला विज्ञानाचे पुस्तक उघडते आणि त्यात एका वाक्यात सांगितलेले असते की, उष्ण व दमट हवामानात खडकांची झीज होऊन जांभा दगड तयार होतो. त्यात लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे असतात. वाक्य खरे आहे. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. हे कोणी शोधून काढले, कशावरून ठरविले, त्याला विरोध कोणी केला, विरोध करणाऱ्यांपाशी कोणती कारणे होती, यांपैकी एकाही प्रश्नाची चाहूल त्याला लागत नाही. इतिहासाला दगड ठाऊक नाही आणि विज्ञानाला इतिहास ठाऊक नाही, अशी ही स्थिती आहे. या दोन तासांमधील भिंत काढून टाकता येईल काय, आणि काढली तर विद्यार्थ्याच्या पदरी काय पडेल, हा प्रश्न शिक्षणाच्या दृष्टीने अगत्याचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास हळर्णच्या तटातील एक चिरा पुरेसा आहे.

जांभ्याची ओळख कोकणाला व गोव्याला पुस्तकामुळे झालेली नाही. घरे, विहिरी, शेतांभोवतालचे गडगे, देवळे, चर्चे आणि किल्ले यांच्या भिंतींतून हा दगड पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या सहवासात आहे. चिरेखाणीत राबणाऱ्या माणसाला त्याचा स्वभाव पुरता माहीत असतो. जमिनीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने तो सरळ कापता येतो. उन्हावाऱ्यात राहिला म्हणजे तो घट्ट होतो. कोणता थर चिऱ्याला चांगला, कोणत्या थरात माती फार, हे खाणकामगार रंगावरून व हत्याराच्या आवाजावरून सांगतो. हे ज्ञान आहे, यात संशय नाही. मात्र हा दगड असा का वागतो आणि तो आला कोठून, हे प्रश्न त्या ज्ञानात सहसा विचारले जात नाहीत. कारण चिरा काढण्यासाठी त्यांची गरज पडत नाही.

ते प्रश्न विचारले जाण्यास निमित्त घडले ते एका युद्धाचे. इ. स. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने नव्याने हाती आलेल्या मुलखाची पाहणी करण्यासाठी फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरला पाठविले. शेती, पिके, व्यापार, लोकांचे धंदे, खनिजे असे सर्व काही पाहून लिहावयाचे, हे त्याचे काम. इ. स. १८०० मध्ये मद्रासहून निघून म्हैसूर, मलबार व कानडा हा प्रदेश त्याने पालथा घातला. मलबारातील अंगाडिपुरम येथे त्याने लोकांना जमिनीतून दगड कापून काढताना पाहिले. हा दगड आपल्या जांभ्याचाच भाऊ. पश्चिम किनाऱ्यावर मलबारापासून कोकणापर्यंत तो आढळतो. जमिनीत असेपर्यंत मऊ, बाहेर काढून हवेत ठेवला की विटेसारखा टणक, हा त्याचा गुण बुकाननने टिपून ठेवला. तेथील लोक त्याला ‘विटेचा दगड’ या अर्थाच्या नावाने ओळखत. बुकाननने तेच नाव लॅटिन भाषेत नेले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. त्यावरून ‘लॅटराइट’ हा शब्द तयार झाला आणि इ. स. १८०७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या त्रिखंडात्मक प्रवासवृत्तातून तो जगभर पसरला. आज आफ्रिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथील भूवैज्ञानिक जो शब्द वापरतात, त्याच्या मुळाशी मलबारातील दगड कापणाऱ्यांची बोली आहे.

एवढीच हकीकत वर्गात सांगितली, तरी विद्यार्थ्याला विज्ञानाच्या स्वरूपाविषयी एक महत्त्वाची गोष्ट कळते. शास्त्रीय संज्ञा आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी, कोठेतरी, काहीतरी पाहून त्या निर्माण केलेल्या असतात, आणि त्यांच्या पोटात त्या वेळचे ज्ञान व त्या वेळच्या मर्यादा दोन्ही दडलेल्या असतात. बुकाननने दगडाला नाव दिले ते त्याच्या उपयोगावरून. तो कशाचा बनला आहे किंवा कसा बनला आहे, हे त्या नावात नाही. नाव देणे ही चौकशीची पहिली पायरी असते, शेवटची नसते. पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला नेमके याच्या उलट वाटत असते: व्याख्या आली म्हणजे विषय संपला!

नाव मिळाले आणि वादाला आरंभ झाला. एकोणिसाव्या शतकात या दगडाच्या उत्पत्तीविषयी निरनिराळ्या उपपत्ती मांडल्या गेल्या. कोणी म्हणाले, याच्या अंगावरील छिद्रे पाहता हा ज्वालामुखीतून आला असावा. कोणी म्हणाले, यात ठिकठिकाणी गोटे व वाळू सापडते, तेव्हा हा पाण्याने वाहून आणलेल्या गाळाचा दगड होय. बेंजामिन बॅबिंग्टन याने इ. स. १८२१ मध्ये तेलिचेरीपासून मद्रासपर्यंतच्या प्रदेशाचे वर्णन करताना तिसरेच मत दिले: हा कोठून आलेला नाही, खालचा खडकच जागच्या जागी कुजून त्याचे हे रूप झाले आहे. आज आपण हे तिसरे मत मानतो. म्हणून पहिल्या दोन मतांचे लोक वेडे होते, असे समजणे मात्र मोठी चूक ठरेल. ज्वालामुखीच्या दगडाला छिद्रे असतात, हे खरेच आहे. गाळाच्या दगडात गोटे असतात, हेही खरे. त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. निरीक्षणावरून काढलेले अनुमान अपुरे होते. निरीक्षण आणि अनुमान यांतील हा भेद म्हणजे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा पहिला धडा होय, आणि तो शिकवण्यासाठी जाड्या ग्रंथांची गरज नाही.

मग यांतील खरे कोणते, हे ठरवावयाचे कसे? येथे विद्यार्थ्याला काही क्षण थांबवून विचार करू द्यावा. दगड गाळाचा असेल, तर त्याच्या तळाशी एक स्पष्ट सीमारेषा दिसली पाहिजे. वर एक पदार्थ, खाली दुसरा. ज्वालामुखीचा असेल, तर लाव्हा ज्यावरून वाहिला त्या पृष्ठभागाची खूण मिळाली पाहिजे. पण जागच्या जागी कुजून झालेला असेल, तर वरपासून खालपर्यंत हळूहळू बदल दिसला पाहिजे: वर कठीण कवच, त्याखाली चिरा काढण्याजोगा सच्छिद्र थर, त्याखाली पांढुरकी किंवा रंगीबेरंगी चिकणमाती, त्याखाली झिजलेला खडक आणि सर्वांत खाली मूळचा अभंग खडक. इतकेच नव्हे, मूळ खडकात गारगोटीची एखादी शीर असेल, तर ती वरच्या जांभ्यातही तशीच चढत गेलेली सापडली पाहिजे. कारण गारगोटी सहजी कुजत नाही. कोकणातील खोल विहिरींच्या व चिरेखाणींच्या कडा हे सारे उघडे करून दाखवितात. प्रत्येक मतावरून ‘मग काय दिसले पाहिजे’ हे आधी ठरवावयाचे आणि मग पाहावयास जावयाचे, ही विज्ञानाची रीत. आणि पाहावयास गेल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. काही ठिकाणचा जांभा खरोखरच वरून झिजून वाहत आलेल्या तुकड्यांचा पुन्हा घट्ट झालेला थर असतो. म्हणजे गाळाचे मत मांडणारेही काही जागी बरोबरच होते!

पुढचे पाऊल रसायनशास्त्राने टाकले. इ. स. १८९८ मध्ये माक्स बाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने सेशेल्स बेटांतील लॅटराइटचे पृथक्करण करून दाखविले की, त्यात सिलिका फार थोडी असून ॲल्युमिनियमचे जलयुक्त संयुग मोकळ्या स्वरूपात आहे; म्हणजे बॉक्साइटशी त्याचे निकटचे नाते आहे. इ. स. १९०३ मध्ये एच. वॉर्थ व एफ. जे. वॉर्थ यांनी भारतीय लॅटराइटच्या घटकांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. यातून चित्र स्पष्ट झाले. कोसळणारा पाऊस आणि त्यानंतरचा कडक उन्हाळा यांच्या आळीपाळीच्या माऱ्याने खडकातील चुना, सोडा, पोटॅश व बरीचशी सिलिका विरघळून वाहून जाते. लोह व ॲल्युमिनियम यांची सहजी न विरघळणारी संयुगे मागे राहतात. चिरा हवेत का कठीण होतो, याचेही उत्तर याच दिशेने मिळते. ओलावा निघून गेला म्हणजे लोहाच्या संयुगांची घडण बदलते व ती घट्ट बांधली जातात. खाणकामगाराच्या अनुभवाला एका शतकानंतर कारण सापडले.

याच १९०३ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस हॉलंड यांनी एक तर्क मांडला की, खडकाचे हे विघटन घडवून आणण्यात सूक्ष्म जीवांचा हात असावा. सबंध क्रिया जीवांवर सोपविणारा तो तर्क त्या स्वरूपात टिकला नाही. सूक्ष्म जीव खडकांच्या झिजेला हातभार लावतात, हे मात्र पुढे मान्य झाले. तर्क चुकला किंवा अर्धाच खरा ठरला, तरी तो मांडणे व्यर्थ नव्हते. तो तपासता येण्याजोगा होता, हेच त्याचे मोल. इ. स. १९११ मध्ये लुइस फर्मोर यांनी तर ‘लॅटराइट म्हणजे काय?’ याच मथळ्याचा लेख लिहिला. नाव मिळून एकशे चार वर्षे लोटली होती आणि तरीही व्याख्येचा प्रश्न मोकळाच होता! उपयोगावरून व्याख्या करावी, रूपावरून करावी की रासायनिक प्रमाणावरून, यावर दीर्घकाळ खल चालला. इ. स. १९७९ मध्ये अंगाडिपुरम येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बुकाननच्या स्मरणार्थ स्मारक उभारले. अलीकडच्या काळात पश्चिम किनारपट्टीवरील जांभ्यातल्या मँगनीज खनिजांची वये मोजण्यात आली, तेव्हा त्यांतील काही साडेचार कोटी वर्षांच्या आसपास मागे गेली. ज्या तटाचे वय आपण शतकांनी मोजतो, त्याच्या चिऱ्याचे वय असे कोटींत मोजावे लागते.

या दगडाने आणखी एक धडा दिला आहे, आणि तो जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेच्या भिंतींवर लिहिलेला आहे. इ. स. १५९४ मध्ये काम सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेले हे चर्च जांभ्याचे असून त्याच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी वसईकडील काळा दगड वापरलेला आहे. जांभ्यावर नाजूक नक्षी उठत नाही. जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा दिला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानीतच, दगडाचे मूळ सौंदर्य दिसावे म्हणून तो गिलावा काढून टाकण्यात आला. गोव्याच्या पावसात उघडा जांभा झिजू लागला आणि गिलावा पुन्हा द्यावा की न द्यावा, हा वाद अलीकडच्या वर्षांत उपस्थित झाला. ‘जांभा हवेत कठीण होतो’ हे वाक्य पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे कोडेच वाटेल. परंतु ते वाक्य ज्याने त्याच्या इतिहासासह शिकले आहे, तो विचारील: किती काळात कठीण होतो? कोरड्या हवेत की सततच्या पावसात? नुकत्याच काढलेल्या चिऱ्याविषयीचे निरीक्षण चारशे वर्षांच्या भिंतीला लागू करता येईल काय? प्रत्येक शास्त्रीय विधानाला त्याची हद्द असते. ती हद्द पाठांतराने कळत नाही. विधान कोठून आले हे पाहिल्यानेच कळते.

विज्ञान शिकवताना त्याचा इतिहास व तत्त्वविचार उपयोगात आणावा, ही कल्पना आज नवीन राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कोनंट या रसायनशास्त्रज्ञाने इ. स. १९४७ मध्ये असे प्रतिपादन केले की, जे विद्यार्थी पुढे शास्त्रज्ञ होणार नाहीत, त्यांना विज्ञानाची रीत कळण्यासाठी जुन्या शोधांच्या निवडक हकीकती तपशिलाने शिकवाव्यात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने इ. स. १९७४ मध्ये सुरू केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कार्यातही विज्ञानाच्या इतिहासाला स्थान मिळाले. इ. स. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला ज्या सहा कसोट्या लावल्या, त्यांत एक कसोटी इतिहासाची आहे. विज्ञानातील कल्पना काळाच्या ओघात कशा बदलत गेल्या, हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे, असे तीत अभिप्रेत आहे.

महाराष्ट्राला तर या बाबतीत स्वतःचा वारसा आहे. दापोलीजवळच्या मुरुड गावी इ. स. १८५३ मध्ये जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक होते. पंचेचाळीस वर्षेही न भरलेल्या आयुष्यात, शाळेचे काम सांभाळून, त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा सविस्तर इतिहास मराठीत लिहिला, तो इ. स. १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन ग्रंथांतील विधाने नुसती उद्धृत न करता त्यांतील गणित त्यांनी तपासून पाहिले. गौरव आणि चिकित्सा या दोन गोष्टी एकाच लेखणीतून उतरू शकतात, याचे ते उदाहरण आहे. विज्ञानाचा इतिहास शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे म्हणणाऱ्यांनी दीक्षितांचे स्मरण करावे.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा, तास थोडे, परीक्षा दारात उभी. अशा वेळी जुन्या वादांना जागा कोठून आणावी? याचे उत्तर असे की, प्रत्येक धड्याचा इतिहास सांगण्याची आवश्यकता नाही. वर्षातून दोन किंवा तीन विषय निवडून ते मुळापासून शिकवले, तरी बाकीचे विषय कसे वाचावेत याची दृष्टी येते. दुसरा आक्षेप असा की, चुकलेली मते सांगितल्याने मुलांचा गोंधळ होईल. परंतु मुलांच्या मनात चुकीची मते अगोदरच असतात. जांभ्याची छिद्रे पाहून तो ज्वालामुखीचा असावा असे एखाद्या मुलाला वाटले, तर तो मोठ्या विद्वानांच्या पंगतीला बसला आहे, हे त्याला सांगावे आणि पुरावा पाहावयास न्यावे. तिसरा धोका मात्र शिक्षकाने स्वतः ओळखला पाहिजे. इतिहासाच्या नावाखाली चमत्कारकथा सांगण्याचा मोह फार मोठा असतो. झाडावरून सफरचंद पडले आणि गुरुत्वाकर्षण सापडले, असली गोष्ट सांगितल्याने शोध हा दैवी साक्षात्कार वाटू लागतो आणि त्यामागील वर्षानुवर्षांचे श्रम लोपून जातात. अशा इतिहासापेक्षा इतिहास नसलेला बरा.

पेडणे महालातील शाळेला हा पाठ शिकवण्यासाठी खर्च असा नाही. एक दिवस वर्ग जवळच्या विहिरीच्या किंवा बंद पडलेल्या चिरेखाणीच्या काठाशी, सुरक्षित अंतरावर, न्यावा. प्रथम विद्यार्थ्यांनी थर पाहून त्यांचे चित्र काढावे. नाव कोणतेही देऊ नये. नंतर चिरेखाणीत काम केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बोलते करावे आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. त्यानंतर तिन्ही मते फळ्यावर मांडून प्रत्येक मताप्रमाणे काय दिसावयास हवे याची यादी करावी व ती चित्राशी ताडून पाहावी. पुस्तकातील व्याख्या सर्वांत शेवटी वाचावी. अशा रीतीने वाचलेली व्याख्या विद्यार्थ्याला परक्याची वाटत नाही; तिच्यातील प्रत्येक शब्द का आला, हे तो सांगू शकतो.

हे सारे केवळ परीक्षेतील गुणांसाठी करावयाचे नाही. पेडण्यातील मोपा येथे जांभ्याच्या विस्तीर्ण सड्यावर आज विमानतळ आहे; ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्याआधी त्या सड्यावरील झाडी व पर्यावरण यांविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने परवानगी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठविली. जांभ्याचा सडा पावसाचे पाणी किती मुरवतो, ते झऱ्यांच्या रूपाने कोठे उतरते, सडा खोदल्याने काय बदलते, असले प्रश्न या मुलखातील माणसांपुढे पुन्हा पुन्हा येणार आहेत. खाणी, रस्ते, वसाहती, सर्वांच्या बाजूने व विरुद्ध तज्ज्ञांचे अहवाल पुढे केले जातील. ज्या नागरिकाला विज्ञान म्हणजे पाठ केलेल्या उत्तरांची यादी असे वाटते, तो दोन तज्ज्ञ भांडताना पाहिले की एक तर मोठ्या आवाजावर विश्वास ठेवतो किंवा सर्वच खोटे म्हणून पाठ फिरवतो. तज्ज्ञांचे मतभेद ही विज्ञानाची नेहमीची वाट आहे आणि पुराव्याने ती पुढे सरकते, हे ज्याने शाळेत एका दगडाच्या गोष्टीत पाहिले आहे, तो अहवाल हाती घेऊन विचारील: हे कशावरून? काय पाहिले? कोठे पाहिले? उलट दिसले असते तर काय मानले असते?

हे चार प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर विज्ञानाच्या तासाचे बरेचसे काम झाले असे समजावे. त्यासाठी दूरच्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेची भिंत जांभ्याची असेल, तर आरंभ तेथूनच करता येईल.